चाक हलकं झालं

१२ जानेवारी

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली आणि म्हणाले, "आजोबा, तुमच्या पोटात काही नाही, डोक्यात आहे. मनात येईल ते रोज संध्याकाळी कागदावर उतरवा आणि वही मिटून ठेवा." बाहेर आल्यावर ही म्हणाली, "बरं झालं. निदान माझे कान तरी सुटतील."

सातवीत शाळा सुटलेल्या माणसाने काय लिहायचं? जन्मभर कागद केला, त्यावर सहीपलीकडे कधी काही लिहिलं नाही. वही जावयाने दिली. तो आमच्याच कागद कारखान्यात रिवाइंडरवर असतो, म्हणजे मशीनवर तयार झालेला हत्तीएवढा रूळ उलगडून गिऱ्हाइकाच्या मापाचे लहान रूळ पाडायचं काम. परत आलेल्या मालातले ताव कापून, टाके घालून त्याने ही वही शिवली. म्हणाला, "घ्या मामा, घरचाच माल आहे."

घरचा आहे हे हात लावताच कळतं. एक पान कांद्याच्या सालीसारखं, पुढचं पुठ्ठ्यासारखं. या पानावर शाई पलीकडे फुटते आहे, म्हणून एकाच बाजूने लिहितो.

दाराला कुलूप घातलं होतं का? घातलं होतं. दोनदा जाऊन पाहिलं.

१५ जानेवारी

मोठ्या साहेबांनी दोन नंबरच्या मशीनवरच्या सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. आधी चहा दिला, तेव्हाच मी काय ते ओळखलं. या कारखान्यात चांगली बातमी कोरडीच मिळते.

पाठ्यपुस्तकं छापणाऱ्यांनी आमचा माल पुन्हा परत केलाय. एकाच रुळात कागद इथे जाड, तिथे पातळ. त्यांच्या छपाईत तो फाटतो. साहेब म्हणाले, "मार्चमध्ये त्यांना एक शेवटचा चाचणीचा माल जाईल. पास झाला तर दोन नंबर चालू. परत आला तर दोन नंबर भंगारात."

"आणि माणसं?" मागून पक्कड बोलला. पक्कड म्हणजे आमचा फिटर. कायम खिशात पक्कड, तोंडही तसंच.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

माझं सोडा. निवृत्तीचं वय उलटल्यावरही मला ठेवून घेतलंय, ते या जुन्या मशीनला माझा हात कळतो म्हणून. पण जावई? त्याच्यावर माझी मुलगी आणि तिची दोन लेकरं अवलंबून. एक नंबरच्या मशीनवर जागा नाही. जेवण गेलं नाही. हिने विचारलं तर सांगितलं, चहा जास्त झाला.

२० जानेवारी

साहेबांनी एक इंजिनिअर बाई आणल्या आहेत. वयाने आमच्या मुलीएवढ्या. डोक्यावर हेल्मेट, पाठीवर पिशवी, पिशवीत वायरी. दिसेल त्या पाइपला मीटर लावतात, म्हणून लोकांनी दुसऱ्याच दिवशी बारसं केलं, मीटरबाई. तोंडावर मॅडम.

माझ्यापाशी आल्या आणि विचारलं, "काका, हे चाक कसलं?"

लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. टाकीतला लगदा या चाकाखालच्या व्हॉल्व्हमधून जातो, पुढे पाण्यात मिसळून धावत्या जाळीवर पसरतो, पाणी गळतं, दाबाचे रूळ, मग तापलेले रूळ, आणि पार पलीकडच्या टोकाला कागद गुंडाळला जातो. चाक उघडलं की लगदा जास्त, कागद जड. आवळलं की कागद हलका. लॅबवाला तिकडच्या टोकाचा तुकडा कापून वजन करतो, फोनवर आकडा सांगतो, आणि मी चाक फिरवतो. सगळं मशीन या चाकावर आहे.

"दिवसातून किती वेळा फिरवता?"

"गरज पडेल तेव्हा."

"गरज कधी पडते?"

"सतत."

त्या हसल्या नाहीत. चाकाच्या दांड्याला एक मीटर लावून गेल्या. मला ते बरं वाटलं नाही. माणसाच्या मनगटाला कोणी मीटर लावतं का?

२१ जानेवारी

दुपारच्या पाळीला टकल्या येतो. त्याचं माझं जमत नाही. आल्या आल्या चाकावर हात ठेवून म्हणाला, "काय म्हातारबा, आज पण पाणीच करून ठेवलंस?"

"काल तू पुठ्ठा करून ठेवला होतास. त्याचा कागद करतोय सकाळपासून."

"तुझ्या हाताला चळ आहे."

"आणि तुझ्या डोक्याला ऊन."

मी गेटपर्यंत पोचायच्या आत त्याने माझं सगळं बसवलेलं चाक उलटं फिरवलं असणार. रोजचंच आहे. सकाळी जाऊन मी ते परत जागेवर आणतो. मशीन आहे म्हणून सहन करतं, बैल असता तर मारायला धावला असता.

३० जानेवारी

मीटरबाईंनी आज मला काचेच्या खोलीत बोलावलं. तिथे आता पडदा आहे. कागदावरून इकडून तिकडे धावणारा एक डोळा बसवलाय, तो सारखं वजन मोजतो आणि पडद्यावर रेघ काढतो. वजन जड झालं की रेघ वर, हलकं झालं की खाली.

"ही दुपारची पाळी," त्या म्हणाल्या. टकल्याची रेघ म्हणजे आळसावलेल्या म्हशीच्या पाठीसारखी. एक मोठा उंचवटा, मग एक मोठा खड्डा.

"आणि ही तुमची."

माझी रेघ करवतीसारखी! दाताला दात लागलेला, वर खाली, वर खाली, क्षणभर विसावा नाही. खाली दुसरी रेघ होती, माझ्या चाकाची. तीही तशीच. मला खरंच भरून आलं. इतकी वर्षं कोणी विचारलं नाही की म्हातारा पाळीभर काय करतो. आता पडद्यावर दिसलं. काम करणाऱ्याची रेघ कशी जिवंत असते आणि झोपाळूची कशी मेलेली, ते साहेबांनाही दाखवा म्हणालो.

त्या जरा घुटमळल्या. म्हणाल्या, "साहेबांना एवढ्यात नको दाखवायला."

का नको? चांगल्या कामाची माणसाला अशी लाज का वाटते कळत नाही.

४ फेब्रुवारी

थंडी फार. सुट्टी होती. हिच्या बोटांची पेरं सुजली आहेत, म्हणून सकाळी उठून आधी गिझरचं बटण पाहिलं. आमच्या गिझरला आकड्यांचं बटण आहे, ते मी रोज हवा बघून लावतो. मागच्या थंडीत फार त्रास झाला होता. कधी पाणी उकळतं, कधी बर्फ. ही मोरीतून ओरडायची, मी बटण फिरवायचो, ती आणखी ओरडायची. शेवटी मी पाळीवर असताना हिने प्लंबर बोलावला. त्याने काय केलं देव जाणे, पण तेव्हापासून पाणी एकसारखं आहे. बटणही सुधारलं. पूर्वी प्रत्येक आकड्याला खट् वाजायचं, आता लोण्यासारखं फिरतं.

आज साडेतीनवर ठेवलं. ही आंघोळ करून आली तेव्हा विचारलं, "कसं होतं पाणी?"

"अगदी बेताचं," म्हणाली.

लक्ष ठेवलं की होतं सगळं.

९ फेब्रुवारी

आज कमालीचा योग. मीटरबाई दोन कप चहा घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "काका, आज जरा माझ्याबरोबर बसा. चाकाला हात लावायचा नाही. कोणीच लावायचा नाही."

"आणि कागद तुटला तर?"

"तर माझ्यावर."

बसलो. चहाची चव कळली नाही. लॅबचा फोन वाजला, मी उठलो, त्यांनी बाहीला धरून बसवलं. पुन्हा वाजला. माझे तळहात खाजायला लागले. त्यांनी घरच्या गोष्टी काढल्या, मुलगी काय करते, नातवंडं कोणत्या वर्गात. मी काय उत्तरं दिली आठवत नाही. नातवाला मी कॉलेजात घातलं म्हणे, तो दुसरीत आहे.

मग मला पडद्यापाशी नेलं. आम्ही बसलो होतो तेवढा वेळ रेघ सरळ. अगदी सरळ नाही, पण पाण्यावरून होडी जावी इतपत.

मी म्हटलं, "नशीब बघा. नेमकं मी नसताना मशीनचा मूड चांगला होता."

पक्कड तिथेच उभा होता. त्याला जोराचा खोकला आला. धूळ फार असते तिथे.

११ फेब्रुवारी

मीटरबाईंनी मला समजावायला घेतलं. "काका, तुम्ही शॉवरखाली उभे आहात. पाणी गार. तुम्ही गरमचा नळ सोडता. गरम पाणी पाइपातून यायला वेळ लागतो. तेवढा दम न काढता तुम्ही आणखी सोडता. मग एकदम कढत येतं. तुम्ही घाबरून पूर्ण बंद करता. मग बर्फ. असं होतं ना?"

"मी बादलीत मिसळून घेतो," मी म्हटलं.

त्यांनी हातातला मीटर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. तेच करायला हवं."

शिकलेल्या माणसांनाही साध्या गोष्टी सांगाव्या लागतात.

पण संध्याकाळी एक वेगळीच गोष्ट कानावर आली. मशीन एक दिवस बंद ठेवून नवा व्हॉल्व्ह बसवणार आहेत, जो पडद्याचं ऐकून आपोआप उघडतो, मिटतो. मग माझं काय? चाक गेलं तर मला मशीनपाशी कोण उभं करील?

२० फेब्रुवारी

मशीन बंद होतं. तो भलामोठा हॉल गप्प झाला की कानात कापूस घातल्यासारखं होतं. नवा व्हॉल्व्ह बसला. चकचकीत, पोरकट दिसतो. पण माझं चाक काढलेलं नाही! जागच्या जागी आहे. पक्कडने त्याला लाल रंगसुद्धा दिला.

मीटरबाई स्वतः मला घेऊन गेल्या. म्हणाल्या, "काका, नवा व्हॉल्व्ह मशीनचा आणि हे चाक तुमचं. मनाला वाटेल तेव्हा वाटेल तेवढं फिरवा. कोणी अडवणार नाही."

बाईंबद्दल मी मनात काय काय आणलं होतं. चाक धरून पाहिलं तर हलकं झालेलं, एका बोटाने फिरतं. पक्कडला म्हटलं, "चांगलं ग्रीस घातलंस रे."

"घातलं मामा, मनापासून घातलं," तो म्हणाला आणि वळून हत्यारं आवरायला लागला.

२८ फेब्रुवारी

आठवडाभर लिहिलं नाही, कारण काळजी नव्हती. असं लिहिताना हात थबकतो, दृष्ट लागेल. पण खरं आहे. कागद एकसारखा निघतोय. भोंगा वाजायचं प्रमाण निम्म्यावर आलंय. कागद तुटला की भोंगा वाजतो आणि सगळी माणसं पळापळ करून ओला कागद पुन्हा रुळांतून ओवतात, ती पळापळच नाही. परवा चार जण पत्ते खेळताना दिसले.

माझं म्हणणं असं की माझ्या हाताला या वयात धार आली आहे. लॅबचा फोन आला की एक बोट लावतो, इतकंसं फिरवतो, आणि पुढचा आकडा बरोब्बर येतो. पूर्वी अर्धा दिवस झगडावं लागायचं.

आणखी एक नवल. सकाळी गेल्यावर चाक मी ठेवलं होतं तिथे कधीच नसतं. म्हणजे टकल्या अजून फिरवतोच. तरी कागद सरळ. आमचं दोघांचं आता जमायला लागलंय म्हणायचं. आज मी स्वतःहून त्याला तंबाखू दिली. त्याने आधी वास घेतला, मग घेतली.

१२ मार्च

चाचणीच्या मालाला सुरुवात. साहेब सकाळीच येऊन उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, "काळजी करू नका, मी आहे." ते म्हणाले, "हो, हो." आणि मीटरबाईंकडे पाहिलं.

जावयाशी घरी बोललो नाही, मुद्दाम. तोही बोलला नाही. मुलीने फोन केला, नुसतं "बाबा, जेवलात का?" विचारलं. एरवी ती असं विचारत नाही.

१४ मार्च

आज काय झालं ते लिहितो.

चाचणीच्या मालाचा मोठा भाग उतरला होता. दुपारचे जेवणाचे डबे उघडायची वेळ. एकाएकी भोंगा वाजला. कागद तुटला की पहिलं काम लगदा तोडायचा, म्हणून मी झेप घेतली आणि चाक आवळायला लागलो. एक फेरा, दोन फेरे. एरवी एवढ्यात चाक अडतं, मनगटाला झटका बसतो. अडेना. मी फिरवतोय, फिरवतोय, आणि ते लाल चाक मुलाच्या हातातल्या भिंगरीसारखं गरगर फिरतंय. थांबायचं नाव नाही. माझ्या कपाळावरून घाम चाकावर पडत होता.

वर पाहिलं. डोक्यावरून कागद चालला होता. पांढरा, सपाट, न हलता. भोंगा आमचा नव्हताच. शेजारच्या एक नंबरचा होता.

मी खाली वाकून पाहिलं. चाक आणि दांडा यांना एकत्र धरणारी लोखंडी पिन असते, बोटाएवढी. तिचं भोक रिकामं होतं. भोकातून पलीकडचा उजेड दिसत होता. आत रंगसुद्धा नीट लावलेला.

तीन आठवडे मी हवा फिरवत होतो.

१५ मार्च

सकाळी जाऊन तडक काचेच्या खोलीत. पक्कडही होता, मला बघून त्याने दार शोधलं.

"तू थांब," मी म्हटलं. "ग्रीस घातलंस काय मनापासून?"

"मामा, मला सांगितलं ते मी केलं."

मीटरबाई उभ्या राहिल्या. "मी सांगितलं होतं. काका, चिडा तुम्ही. पण आधी बसा."

"मी बसणार नाही. मला वेडा केलंत. सगळ्या मशीनने माझ्या मागे हसून घेतलं."

"कोणी हसलं नाही. आम्हाला भीती वाटत होती."

"कसली?"

"तुम्ही चाक सोडणार नाही याची. आणि चाक काढलं तर तुम्ही येणार नाही, याची." मग त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. करवतीची ती जुनी रेघ काढली. "काका, लॅबवाला तुकडा कापणार, वजन करणार, फोन करणार. तोपर्यंत तो आकडा शिळा झालेला. शिळ्या आकड्यावर तुम्ही ताजं चाक फिरवायचात. त्याचा परिणाम पलीकडच्या टोकाला दिसायच्या आत पुढचा फोन. मग उलटं फिरवायचात. हे दात मशीनचे नाहीत."

मी रेघेकडे बघत राहिलो. ज्या रेघेने मला भरून आलं होतं तीच. प्रत्येक दातावर माझं मनगट दिसायला लागलं.

"म्हणजे माल माझ्यामुळे परत यायचा?"

"टकल्याभाऊंमुळेही. त्यांचे दात मोठे, तुमचे जास्त. या जागी कोणीही असतं तरी हेच झालं असतं. तुम्ही फक्त जरा जास्त मनापासून केलंत."

"साहेबांना माहीत आहे?"

"साहेबांनी विचारलं होतं, दात कोणाच्या पाळीतले. मी म्हटलं, जुन्या व्हॉल्व्हचे."

मला रागवायचं होतं. पण राग टिकेना. "आता मी काय करू?" असं काहीतरी तोंडातून गेलं. माझाच आवाज मला पोरका वाटला.

त्या म्हणाल्या, "फिरा. चाकापाशी उभं राहून तुम्ही मशीनचं दुसरं टोक शेवटचं कधी पाहिलंत?"

मला आठवेना.

१६ मार्च

फिरलो. केवढं लांब आहे आपलं मशीन! वाफेच्या रुळांपाशी उबेत उभा राहिलो, पलीकडच्या टोकाला गेलो, तिथून रिवाइंडरवर. जावई पाठमोरा होता. फिरत्या रुळावर हाताची पालथी बाजू ठेवून तो कान देऊन ऐकत होता. मी त्याला कामात कधी पाहिलंच नव्हतं. लग्नात पाहिलं, जेवताना पाहिलं. इतका शांत माणूस आहे हे माहीत नव्हतं.

त्याने वळून पाहिलं. "मामा? इकडे कसे? चाक?"

"चाकाला काय होतंय," मी म्हटलं. "तुला माहीत होतं ना?"

तो ओशाळला. "तुम्ही इतके खूश होतात. कसं सांगणार?"

परत येताना एका पंपाखाली पाणी ठिबकताना दिसलं. पक्कडला सांगितलं. तो आला, आवळून गेला. माझ्यावरचा राग काढल्यासारखा त्याने नट आवळला, पण जाताना म्हणाला, "बरं दिसलं तुम्हाला. दोन दिवसांत पंप बसला असता."

दिवसभर मी कशालाही हात लावला नाही आणि कागद चालत राहिला. हे लिहायला सोपं आहे. पण घरी येताना मला काहीतरी विसरल्यासारखं वाटत होतं. खिसे चाचपले. किल्ल्या होत्या, डबा होता. गेटपाशी कळलं, खांदे खाली आले होते. इतकी वर्षं मी ते कानाला लावून चालत होतो.

१७ मार्च

झोप लागली. ही म्हणते घोरत होतो. म्हणते, आधी घाबरून तिने मला हलवून पाहिलं.

२६ मार्च

पास!

साहेबांनी कॅन्टीनमध्ये बोलावलं तेव्हा चहा नव्हता, म्हणून दारातच मला अंदाज आला. पुस्तकवाल्यांनी कळवलंय, एकही रूळ फाटला नाही, पुढच्या वर्षभराचा माल दोन नंबरवरूनच हवा. साहेब बोलत होते तेवढ्यात मागच्या बाकावर कोणीतरी रडायला लागलं. वळून पाहिलं तर टकल्या. डोक्यावरून घाम पुसतोय असं दाखवत डोळे पुसत होता. त्यालाही तीन मुली आहेत, हे मला आज पक्कडकडून कळलं. शेजारच्या पाळीतला माणूस, आणि मला त्याचं फक्त टक्कल माहीत.

मी मीटरबाईंपाशी गेलो. बोलायचं खूप होतं, बोललो एवढंच, "बाई, चहा घेणार का? मी आणतो."

"हात लावायचा नाही हं कशाला," त्या म्हणाल्या.

"दोन्ही हातांत कप असतील," मी म्हटलं.

मुलीचा फोन आला. पुन्हा तेच, "बाबा, जेवलात का?" पण या वेळी हसत.

३१ मार्च

ही नवी वही. जावयाने चाचणीच्या मालातल्या उरलेल्या तावांची शिवली. पानं एकसारखी, शाई फुटत नाही. दोन्ही बाजूंनी लिहितो आहे.

आज पाळी संपताना टकल्या आला. चाकापाशी गेला, एक बोट लावून इतकंसं फिरवलं, डोळे मिटून थोडा थांबला, मग मला म्हणाला, "बघ म्हातारबा. असा हात लागतो. आता बघ पडद्यावर, कशी सरळ येते."

पलीकडे पक्कड उभा होता, त्याचा चेहरा पांढरा झाला. मी पडद्याकडे पाहिलं. रेघ सरळ होती.

"तुझ्या हाताला गुण आहे बाबा," मी म्हटलं.

"मग! तुला कोण सांगणार."

"फिरवत जा अधूनमधून. चाकाला बरं असतं."

तो खुशीत शीळ घालत गेला. पक्कडने माझ्या पाठीवर थाप मारली. तीन मुलींचा बाप आहे, त्यालाही झोप लागायला हवी. मनाला येईल तेव्हा सांगतील त्याला. नाहीतर तोही एक दिवस जोरात फिरवील आणि त्याचं त्याला कळेल.

घरी येऊन हिला आज सगळं सांगितलं. इतके दिवस लाजेने सांगितलं नव्हतं. चाक, पिन, ग्रीस, सगळं. आधी ती गंभीर चेहऱ्याने ऐकत होती. मी म्हटलं, "अगं, तीन आठवडे! चाक कशालाच जोडलेलं नव्हतं आणि मी आपला हवा बघून, आकडा बघून फिरवतोय!" तेव्हा तिला जे हसू फुटलं ते आवरेना. भिंतीला टेकली, डोळ्यांतून पाणी आलं, सुजल्या बोटांनी पुसत पुन्हा हसली. मोरीच्या दाराकडे बघायची आणि पुन्हा हसायची.

"तिकडे काय?" मी विचारलं.

"काही नाही हो," ती म्हणाली. "पाणी तापलंय का बघत होते."

इतकी वर्षं झाली, हिला असं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं. मलाही हसू आलं. दोघं किती वेळ हसत होतो कुणास ठाऊक. डॉक्टरांना सांगायला हवं, वहीपेक्षा हे बरं.

काळजी आज एकच. हवा बदलते आहे, उकाडा वाढतोय. उद्या सकाळी उठल्या उठल्या गिझरचं बटण दोनवर आणायला हवं. हिला कढत पाणी सोसत नाही, आणि ते बटण मी पाहिलं नाही तर कोण पाहणार?